दोन आकडे जुळेपर्यंत

साळवे मॅडमच्या डब्यातल्या भाजीत मीठ नसायचं. जेवायला बसल्या की पर्समधून बोटाएवढी काचेची बाटली काढायच्या, तिच्यावरची चिठ्ठी वाचायच्या आणि मगच चिमूटभर मीठ भाजीवर टाकायच्या. चिठ्ठीवर 'मीठ, खाण्याचे' असं लिहिलेलं, खाली बाटली भरल्याची तारीख आणि 'वि. सा.' अशी सही. बाटली भरणाऱ्या त्याच, चिठ्ठी लिहिणाऱ्या त्याच, तरी वाचन रोज! पहिल्या दिवशी मला हसू आवरेना.

"मॅडम, घरचंच मीठ आहे ना?"

"घरचंच आहे. म्हणून न वाचता खायचं?" एवढं बोलून त्या शांतपणे जेवू लागल्या. ही बाई जरा सटकलेली आहे, असं मी मनात म्हटलं. माझं वय तेव्हा बावीस, नुकतीच बी.एस्सी. झालेली, डोंबिवलीची, आणि आपल्याला केमिस्ट्री येते असा पक्का गैरसमज.

आमची लॅब वागळे इस्टेटमध्ये होती, एका प्रेसच्या वर्कशॉपच्या डोक्यावर. आजूबाजूचे छोटे कारखाने आपले नमुने आमच्याकडे तपासायला पाठवायचे. खाली प्रेस पडला की वर काट्याचा तराजू थरथरायचा. त्यामुळे मॅडम वजनं करायच्या ती खालच्या लोकांच्या चहाच्या सुट्टीत. प्रेस थांबले की त्या अक्षरशः पळत तराजूकडे जायच्या आणि दहा मिनिटांत दिवसभराची वजनं उरकायच्या. त्या वेळी कुणी शिंकलं तरी डोळे वटारायच्या.

दर शनिवारी मला एक बिनचिठ्ठीची पुडी मिळायची. आत कुठलातरी पांढरा क्षार. "ओळख," म्हणायच्या. मी आपली कॉलेजच्या सवयीनं ज्योतीत धरायची, रंग बघायची आणि उत्साहानं नाव सांगून टाकायची. त्या मान हलवायच्या. "रंगावर जाऊ नकोस गं. सोडियम सगळ्यांच्या अंगाला लागलेलं असतं, ज्योत पिवळीच होणार. नाव विचारू नकोस, वजन विचार." मग त्या पदार्थाच्या एका मोलचं वजन, म्हणजे मोलर मास, काढायला लावायच्या. क्षारात क्लोराइड किती ते मोजायचं, तापवून पाणी किती उडालं ते मोजायचं, आणि एकेक ओळखीचा भाग वजा करत जायचं. शेवटी जो आकडा उरतो तो धातूचा. तो कोष्टकात शोधायचा. मला ते गणित आवडायला लागलं, कबूल करते.

पण एवढ्यावर सुटका नसायची. सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं. नवीन वजन, नवीन फ्लास्क. "एक आकडा म्हणजे बातमी," त्या म्हणायच्या. "दोन जुळले की माहिती. आपण माहिती विकतो." दुसरा आकडा येईपर्यंत पहिला उच्चारायचा नाही, मालकांनी विचारलं तरी नाही. मी एकदा मालकांना घाईत एक आकडा सांगून बसले, तर मॅडम चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. असा राग आला मला! पण पाचव्या दिवशी त्यांनीच चहा मागवला आणि डोंबिवलीची गोष्ट सांगितली.

त्यांची पहिली नोकरी डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्यात. वर्तकनगरच्या त्यांच्या वसाहतीतली ही पहिली एम.एस्सी. मुलगी. घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी हिचं पदवीचं प्रमाणपत्र लावलेलं. त्या कारखान्यात त्यांनी एकदा एकच वाचन घेऊन आकडा दिला आणि तो चुकला. ब्युरेटचा, म्हणजे द्रव मोजायच्या नळीचा, कॉक गळत होता. "कॉक गळत होता असं कुणी म्हणालं नाही, शुभा. 'यांना कोण घेतं कामावर' असं म्हणाले. माझ्या आकड्याआधी लोक माझं आडनाव बघतात. म्हणून मी दोनदा करते." हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. मलाच कुठे बघावं ते कळेना. त्यानंतर मी त्यांच्या दुसऱ्या आकड्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

त्या दिवसाबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलंय. पण त्याच्याशिवाय साळवे मॅडम सांगून होत नाहीत.

आमच्या गल्लीच्या टोकाला लोखंडाची हत्यारं कडक करायचा कारखाना होता. तिथे भट्टीत क्षार वितळवून त्यात लोखंड बुडवायचे. त्यासाठी दोन-तीन तऱ्हेचे क्षार लागायचे, त्यातलं एक साधं खडेमीठ, गोणीतून यायचं. भट्टीवर काशिनाथ नावाचा कोलशेतचा कोळी होता, चाळिशीचा, अंगानं आडवा, स्वभावानं गरीब. भट्टीचे नमुने आमच्याकडे तोच आणायचा. दर मे महिन्यात मालकाला विचारून तो अर्धी गोणी खडेमीठ घरी न्यायचा. पावसाळ्याची बेगमी म्हणून त्याची आई, चांगुणाबाई, मासळी खारवायची. चांगुणाबाईचं माहेर मिठागरातलं. मीठ कुठल्या आगरातलं, पहिल्या काढणीचं की शेवटच्या, हे ती जिभेवर खडा ठेवून सांगते, असं काशिनाथ मोठ्या अभिमानानं सांगायचा. मॅडम म्हणायच्या, "सांग तिला, जिभेनं नको बघू." काशिनाथ हसायचा. "मॅडम, ती तुमच्या आधीची केमिस्ट हाय!"

मे महिन्याचा शनिवार होता. सकाळी सव्वादहाला काशिनाथ जिना चढून आला. चेहरा राखेसारखा. हातात कागदाची पुडी.

"मॅडम, आयस म्हनते हे मीठ जड हाय. तपासून घे."

"आई कुठंय?"

"नर्सिंग होमला. काल सांच्यापासून उलट्या, हगवन. पहाटेपासून हातपाय उचलत नाय. डॉक्टर म्हनतो मन्यार डसली असंल. आमी खाली झोपतो ना. पन आयस म्हनते साप नाय, मीठ."

मॅडम खुर्चीतून उठल्या. त्यांनी काशिनाथला भराभर प्रश्न विचारले आणि त्यानं सांगितलं ते असं. काल मासळीला मीठ लावताना चांगुणाबाईला गोणीतलं मीठ मुठीत जड लागलं. तिनं खडा चाखला. खारट, पण मागून कडू. मिठागरात शेवटच्या काढणीचं मीठ कडवट असतं, तेच असेल असं तिला वाटलं. पण ते एवढं जड नसतं. म्हणून ती चाखत राहिली. दुपारभर मासळीला मीठ लावत होती आणि दर थोड्या वेळानं एक खडा तोंडात टाकत होती. कुठल्या आगराचं ते ओळखायचंच, या हट्टानं.

मी त्याच्या हातातली पुडी काढून घेतली.

"आणि मासळी?" मॅडमनी विचारलं.

"घरी हाय. आज कौलं परतायला भावकी आलीय, दहा जनं. दुपारी त्यांना तीच..." काशिनाथ बोलता बोलता थांबला.

"तू इथून थेट घरी जा. दवाखान्यात नाही, घरी. रिक्षा कर. त्या मासळीला कुणी हात लावायचा नाही. गोणी बांधून ठेव, कोंबडीसुद्धा जवळ येता कामा नये. जा!" तो आईकडे जाऊ का म्हणून घुटमळला. मॅडमनी त्याच्या दंडाला धरून त्याला जिन्यापर्यंत नेलं. "आईचं मी बघते," त्या म्हणाल्या. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले.

नर्सिंग होमचा नंबर काशिनाथकडून मीच लिहून घेतला होता. फोन माझ्या टेबलावर होता. मॅडमनी डॉक्टरांना सांगितलं, साप नाही, बाईच्या पोटात क्षार गेलाय. डॉक्टर तरुण होता आणि वैतागलेला होता, पण वाईट नव्हता. फोनमधून त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मॅडम, क्षार म्हणजे कुठला? शिशाचा उपचार वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. पेशंटचा श्वास कमी होतोय. मला अंदाज नको, नाव सांगा." मॅडम म्हणाल्या, "सांगते."

आणि आम्ही कामाला लागलो. क्षार ज्योतीत धरला, ती पिवळी झाली. होणारच होती, जुन्या मिठाच्या गोणीतला माल तो. पाण्यात विरघळवून गंधकाम्लाचे दोन थेंब टाकले, तर तळाशी दाट पांढरा साका बसला. साधं मीठ असं करत नाही. "तिघांपैकी एक," मॅडम पुटपुटल्या. "बेरियम, स्ट्रॉन्शियम, नाहीतर शिसं. वजन घे." खाली प्रेस धडधडत होते, तराजूचा काटा ठरेना. मी जिना उतरून धावत गेले आणि फोरमनच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. त्यानं प्रेस थांबवले. एवढी शांतता झाली की वरून मॅडमच्या चपलांचा आवाज खाली ऐकू आला. मला त्या शांततेची भीती वाटली.

अर्धा ग्रॅम क्षार घेतला. साका बसवून धातू बाजूला काढला, उरलेल्या पाण्यात क्लोराइड मोजायला सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडलं. साधं मीठ असतं तर पंचाऐंशी मिलिलिटरच्या वर लागलं असतं. एक्केचाळीसला रंग बदलला. दुसरीकडे अर्धा ग्रॅम तापत ठेवला होता, त्यातलं शेकडा पंधरा वजन पाणी होऊन उडालं होतं. गणित मी केलं. एका क्लोरीनमागे एकशे बावीस. धातू दोन क्लोरीन धरणारा, म्हणून मोलर मास दोनशे चव्वेचाळीस. त्यातून दोन क्लोरीनचे एकाहत्तर गेले. पाण्याच्या दोन रेणूंचे छत्तीस गेले. उरले एकशे सदतीस.

शिसं दोनशे सात. स्ट्रॉन्शियम अठ्ठ्याऐंशी. एकशे सदतीस म्हणजे बेरियम. कोष्टक बघायची गरजसुद्धा नव्हती. घड्याळात अकरा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

"बेरियम क्लोराइड!" मी जवळजवळ ओरडले. "मॅडम, करू फोन?"

मॅडमनी कागद पाहिला. ओठ घट्ट मिटले होते. एक क्षण, खरंच एकच क्षण, त्यांचा हात पुढे आला. मग त्या म्हणाल्या, "दुसरं वजन घे."

मी घेतलं. काही बोलले नाही, वाद घातला नाही. सवयीनं नवीन फ्लास्क घेतला, नवीन वजन केलं. खालच्या फोरमननं दोनदा माणूस पाठवला, प्रेस सुरू करू का म्हणून. दोनदा मीच नको म्हटलं. दुसरं वाचन एक्केचाळीसला एका थेंबानं कमी आलं. पुन्हा एकशे सदतीस. बारा वाजून पस्तीस. मॅडमनी फोन उचलला. "बेरियम क्लोराइड. खात्री आहे. मॅग्नेशियम सल्फेट पाजा, लगेच." पलीकडे डॉक्टर काहीतरी बोलला. मॅडमनी रिसीव्हर ठेवला नाही, तो तसाच कानाशी धरून उभ्या राहिल्या. मी जाऊन तो हातातून काढून घेतला.

चांगुणाबाई सव्वाबाराला गेली होती.

गोणीचं नंतर कळलं. त्या कारखान्यात बेरियमची पिशवी फाटली होती आणि कुणीतरी तो माल मिठाच्या रिकाम्या गोणीत ओतून ठेवला होता. वर चिठ्ठी नाही, काही नाही. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. कोलशेतला मासळी शिजायच्या आत काशिनाथ पोचला होता. दहा माणसं वाचली. पण तो आईजवळ नव्हता.

दहाव्या दिवशी तो लॅबमध्ये आला, डोकं भादरलेलं. मॅडमचे आभार मानायला आला होता बिचारा! मॅडमनी त्याला बसवलं आणि स्वतः उभ्या राहून सांगितलं, "काशिनाथ, मला अकरा-पन्नासला कळलं होतं. मी बारा-पस्तीसला फोन केला. मधली पंचेचाळीस मिनिटं मी दुसऱ्यांदा मोजत होते. आई त्या वेळात वाचली असती की नाही, मला माहीत नाही. पण तुला माहीत असायला पाहिजे." काशिनाथ उठला. हात जोडले आणि गेला. नमुने आणायला पुढे दुसराच माणूस येऊ लागला.

चौकशी झाली तेव्हा आमच्या मालकांनी मॅडमना बोलावलं. लॅबच्या वहीत दोन्ही वाचनांच्या वेळा लिहिलेल्या होत्या. "पहिली वेळ खोडा," मालक म्हणाले. "एकच ठेवा. उगाच लॅबवर येईल." मॅडम म्हणाल्या, "खोडायची असेल तर तुम्ही खोडा आणि शेजारी सही करा." मालकांची काही हिंमत झाली नाही. पण कारखान्याच्या वकिलानं तीच वेळ बरोबर उचलली. माल आमचा, पण उशीर लॅबचा, असं सुरू झालं. बाहेर पुन्हा तेच जुनं कुजबुजणं, यांना कोण घेतं कामावर. महिन्याभरात मॅडमनी राजीनामा दिला. मला वाटलं होतं त्या जाताना काहीतरी बोलतील. "तराजू झाकून ठेवत जा," एवढंच म्हणाल्या.

पुढे त्या वर्तकनगरला घरीच शिकवण्या घ्यायच्या. मी वर्षातून एकदोनदा जायची. त्या दिवसाचा विषय दोघींनीही कधी काढला नाही. मी दुसऱ्या लॅबमध्ये मोठ्या जागेवर गेले, माझ्या हाताखाली पाच माणसं आली. मनात मात्र एक गोष्ट कुजत होती. खरं सांगते, मी मॅडमना माफ केलं नव्हतं. त्यांचा हट्ट, त्यांचा दुसरा आकडा, त्यांची ती डोंबिवली. त्यापायी एक म्हातारी गेली, असं मी स्वतःला सांगत आले होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांच्या हृदयाचं दुखणं वाढलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा एवढासा झालेला. का कोण जाणे, त्या दिवशी माझ्या तोंडून निघूनच गेलं. "मॅडम, पहिल्या आकड्यावर फोन करायला हवा होता."

"हो," त्या म्हणाल्या. एका शब्दात. जणू इतकी वर्षं मी हे कधी म्हणते याचीच वाट बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "फोन कुणाच्या टेबलावर होता गं?"

"माझ्या."

"नंबर?"

"मीच लिहून घेतलेला."

"आणि गणित?"

एकशे सदतीस माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. पंचेचाळीस मिनिटं तो कागद आणि तो फोन माझ्यासमोर होता. मॅडम तर मधे माझ्याकडे पाठ करून लॅबच्या छोट्या भट्टीपाशी उभ्या होत्या, त्यांनी मला अडवलंही नसतं. मी ढसाढसा रडायला लागले.

त्यांनी मला रडू दिलं. मग माझा हात हातात घेतला. त्यांचा हात गार होता. "तुला दोष देत नाहीये मी. वाट बघायला तुला मीच शिकवलं, आणि तू फार चांगली शिकलीस. ते माझ्या माथ्यावर." जरा दम घेतला त्यांनी. "पण काशिनाथला मी माझं सांगितलं, शुभा. तुझं तू सांग."

त्या पावसाळ्यात मॅडम गेल्या. दिवाळीनंतर मी कोलशेतला गेले. काशिनाथनं मला लांबूनच ओळखलं. मॅडम गेल्याचं ऐकून त्याचे डोळे भरले. घरात बसवलं, बायकोला म्हणाला, "ह्या त्या मॅडमच्या लॅबमधल्या. त्यांच्यामुले आपली दहा मानसं जिवंत हायत." बायकोनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि बोय मासळीचं कालवण वाढलं. काशिनाथ समोर बसून आग्रह करत होता, आणि माझ्या तोंडात शब्द तयार होते, क्रमानं लावलेले, कितीतरी दिवस घोकलेले.

मी जेवले. हात धुतले. त्याच्या बायकोला नमस्कार केला आणि काही न सांगता बस पकडून घरी आले.